ऑडिटर बदलताना काय, कधी आणि कुणाला कळवायचं: सोलापूरच्या कंपन्यांसाठी

सोलापुरात ऑडिटर बदलणं ही बऱ्याच कंपन्यांत घरातली बाब समजली जाते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं ऑडिट वडिलांच्या काळापासून एकाच सीएसाहेबांकडे असतं. साहेब थकतात, बँक मोठ्या कर्जासाठी मोठी फर्म सुचवते, मुलगा पुण्याहून कुणाला तरी आणतो. जुन्या साहेबांना शाल-श्रीफळ दिलं की विषय संपला, असं सगळे धरून चालतात. कागदावर तो तिथूनच सुरू होतो. जुन्या ऑडिटरने एक फॉर्म भरायचा, कंपनीने एक किंवा दोन, नव्याने संमती आणि प्रमाणपत्र द्यायचं. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर एक्स्चेंजना तासांच्या हिशोबात कळवायचं. या तिघांच्या कागदांवरच्या तारखा आणि कारण एकमेकांशी जुळले नाहीत, तर पुढे कर्जाच्या फाइलमध्ये किंवा निबंधकांच्या पत्रात तेच बाहेर येतं. म्हणून खाली फॉर्मपेक्षा क्रमावर जास्त भर दिला आहे.

आधी ठरवा, बदल कोणत्या प्रकारचा

ऑडिटर चार प्रकारे बदलतो: मुदत संपते, तो राजीनामा देतो, त्याचा मृत्यू होतो किंवा तो अपात्र ठरतो, अथवा कंपनी त्याला मुदतीआधी काढते. प्रत्येकाची वाट वेगळी. गडबड होते ती एका प्रकाराला दुसऱ्याचं लेबल लावल्याने. मालकाला ऑडिटर नको झालेला असतो, पण काढायची प्रक्रिया लांबलचक, म्हणून "साहेब, तुम्हीच राजीनामा द्या" असं सांगितलं जातं. असं करणाऱ्यांना एवढंच सांगतो की राजीनाम्याच्या फॉर्मवर कारण लिहावं लागतं, आणि त्यावर सही ऑडिटरची असते, तुमची नाही.

मुदत संपून होणारा बदल

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३९ प्रमाणे ऑडिटर वार्षिक सर्वसाधारण सभेत नेमला जातो आणि तिथून सहाव्या सभेच्या शेवटापर्यंत, म्हणजे साधारण ५ वर्षं राहतो. पूर्वी दरवर्षीच्या सभेत त्या नेमणुकीवर शिक्कामोर्तब करावं लागे. ७ मे २०१८ पासून ती अट गेली. तरीही काही कंपन्यांच्या नोटिशीत तो जुना ठराव अजून दिसतो. गेल्या वर्षीची नोटीस उघडायची, तारीख बदलायची आणि छापायची, याचा तो पुरावा.

सक्तीचा बदल, ज्याला सगळे रोटेशन म्हणतात, तो सगळ्यांना लागू नाही. नोंदणीकृत म्हणजे लिस्टेड कंपन्यांना लागू आहेच. त्याशिवाय १० कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या पब्लिक कंपन्या, ५० कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या प्रायव्हेट कंपन्या, आणि बँका-वित्तसंस्थांचं कर्ज किंवा लोकांच्या ठेवी ५० कोटी किंवा जास्त असलेल्या कंपन्याही त्यात येतात. एकल व्यक्ती-कंपनी आणि कायद्याच्या व्याख्येतली छोटी कंपनी यांना सूट आहे. एकटा सीए असेल तर ५ वर्षांची एक मुदत, फर्म असेल तर ५-५ वर्षांच्या दोन. त्यानंतर ५ वर्षं त्याच कंपनीत पुन्हा येता येत नाही.

सोलापूर जिल्ह्यात सर्वांत जास्त फसगत कर्जाच्या निकषावर होते. खासगी साखर कारखान्याचं भांडवल ५० कोटींच्या खाली असतं, म्हणून "आपल्याला रोटेशन नाही" असं अकाउंट्सवाले ठामपणे सांगतात. पण साखर तारण कर्ज, मुदत कर्ज आणि डिस्टिलरीचं कर्ज एकत्र केलं, तर आकडा ५० कोटी सहज ओलांडतो. सूतगिरणी कंपनीचंही तेच. तपासताना बँकेची मंजुरीपत्रं आणि ताळेबंद दोन्ही पुढ्यात घ्या, आणि कोणत्या वर्षी मर्यादा ओलांडली तेही लिहून ठेवा, कारण मुदतीचा हिशोब तिथून विचारला जातो.

रोटेशनची मुदत पूर्ण होऊन ऑडिटर जात असेल तर विशेष नोटीस लागत नाही. रोटेशनची मुदत बाकी असताना वार्षिक सभेत निवृत्त होणाऱ्याच्या जागी दुसरा आणायचा असेल, तर कलम १४०(४) ची विशेष नोटीस लागते. ती १ टक्का मतदान हक्क असलेल्या किंवा ५ लाखांचे भरणा शेअर धरणाऱ्या भागधारकांकडून सभेच्या किमान १४ दिवस आधी यायला हवी. जाणाऱ्या ऑडिटरला लेखी म्हणणं मांडायचा आणि ते भागधारकांपर्यंत पोचवायचा हक्क असतो. घरच्या कंपनीत हे अतिशयोक्त वाटतं. मान्य. पण भाऊ-भाऊ वेगळे होत असताना ऑडिटर बदलला गेला, तर हीच नोटीस पहिल्यांदा मागितली जाते.

राजीनामा: इथे वेळ द्या

बाहेरच्या माणसाला सर्वांत जास्त सांगणारा बदल हाच. क्रम असा ठेवा.

ऑडिटर कंपनीला पत्र देतो. मग ३० दिवसांच्या आत तो स्वतः एडीटी-३ हा फॉर्म कंपनी निबंधकांकडे भरतो आणि त्यात कारणं व संबंधित इतर बाबी लिहितो. सोलापूरच्या कंपन्या पुण्याच्या निबंधकांच्या अखत्यारीत येतात, पण सगळं काम कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवरच होतं. एडीटी मालिकेतले फॉर्म जुलै २०२५ पासून पोर्टलच्या नव्या तिसऱ्या आवृत्तीत आहेत. फॉर्म न भरल्यास दंड ऑडिटरला: ५०,००० रुपये किंवा त्याची फी, यांतली कमी रक्कम, वर दिवसाला ५०० रुपये, कमाल २ लाख. कंपनीच्या सेक्रेटरीने तरी त्याच्या मागे लागायचंच. का ते पुढे येईल.

संचालक मंडळ ३० दिवसांत रिकामी जागा भरतं. जागा राजीनाम्यामुळे रिकामी झाली असेल तर मंडळाच्या शिफारशीपासून ३ महिन्यांत सर्वसाधारण सभेची मंजुरीही लागते. मृत्यू किंवा अपात्रतेमुळे झाली असेल तर मंडळाचा ठराव पुरतो. दोन्ही वेळा नवा ऑडिटर पुढच्या वार्षिक सभेपर्यंतच असतो.

तारखा धरून बघू. राजीनामा ५ फेब्रुवारीला आला. मंडळाने २० फेब्रुवारीला नवी फर्म निवडली. मग विशेष सर्वसाधारण सभा २० मेच्या आत, नोटीस २१ दिवस आधी, सोबत कारण सांगणारं निवेदन. ही फर्म मार्चअखेरच्या हिशोबांचं ऑडिट करते आणि सप्टेंबरच्या वार्षिक सभेत तिची मुदत संपते. त्या सभेत तिला ५ वर्षांसाठी पुन्हा नेमायचं. म्हणजे एकाच फर्मसाठी दोन नेमणुका आणि दोन एडीटी-१ (कंपनीने नेमणूक निबंधकांना कळवायचा फॉर्म). हा दुसरा एडीटी-१ हमखास राहतो. "मे महिन्यात भरला की" असं उत्तर मिळतं.

आता कारणाबद्दल. "इतर कामांच्या व्यापामुळे पुढे काम पाहणं शक्य नाही" ही ओळ इतक्या राजीनाम्यांत असते की तिचा रबरी शिक्का करून घ्यावा. व्याप खरंच असतो, नाही असं नाही. पण फेब्रुवारीत, ऑडिट ऐन भरात असताना अचानक व्याप वाढला, हे बँकेच्या क्रेडिट ऑफिसरला पटवणं कठीण. खरं कारण वेगळं असेल तर ते असं लिहिलं जातं:

"सायझिंग आणि यंत्रमागधारकांकडे जॉबवर्कला दिलेल्या सुताच्या साठ्याची खातरजमा पत्रं आम्ही व्यवस्थापनाकडे दोनदा लेखी मागितली, त्यांच्या प्रती सोबत आहेत. पत्रं मिळाली नाहीत. ताळेबंदातल्या एकूण साठ्यात हा हिस्सा मोठा आहे आणि तो तपासण्याचा दुसरा पुरेसा मार्ग आम्हाला उपलब्ध झाला नाही."

यात आरोप नाही, विशेषणही नाही. काय मागितलं, कधी, काय मिळालं नाही, त्याचा हिशोबावर परिणाम काय, एवढंच आहे. कंपनीलाही याचं उत्तर देता येतं: पत्रं उशिरा आली, ती आता जोडली आहेत. "व्याप" या कारणाला उत्तरच देता येत नाही, त्यामुळे संशय दोघांवरही राहतो. फीवरून न जुळणं हेही सरळ, लिहिण्यासारखं कारण आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

राजीनामा दिला म्हणून ऑडिटर मोकळा होतो, हा गैरसमजही काढून टाकावा. आयएल अँड एफएस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०२३ रोजी निर्णय दिला की, कलम १४०(५) खालची, म्हणजे ऑडिटरने फसवणुकीत साथ दिल्याबद्दलची, कारवाई ऑडिटरने मध्येच राजीनामा दिल्याने संपत नाही.

मुदतीआधी काढणं

हे थोडक्यात, कारण करणारे थोडे. मंडळाचा ठराव, त्यापासून ३० दिवसांत एडीटी-२ भरून केंद्र सरकारची, व्यवहारात प्रादेशिक संचालकांची, मंजुरी मागायची. मंजुरी मिळाल्यावर ६० दिवसांत सभा आणि विशेष ठराव. ऑडिटरला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. आधी सभा आणि मग मंजुरी, असा उलटा क्रम चालत नाही.

एडीटी-१ भरताना

सभेनंतर १५ दिवसांत हा फॉर्म जातो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरला घेणाऱ्यांची मुदत दसरा-दिवाळीच्या धांदलीत येते, आणि नेमका तेव्हाच संचालकाचा डीएससी (डिजिटल सही) संपलेला सापडतो. ऑगस्टमध्येच तपासून घ्या. उशिराचं अतिरिक्त शुल्क ६ महिन्यांपुढे मूळ शुल्काच्या १२ पटींवर जातं. मूळ शुल्क लहान असल्याने रक्कम जीवघेणी नसते, पण तारीख कायमची नोंदली जाते.

सोबत नव्या ऑडिटरची लेखी संमती, पात्रतेचं प्रमाणपत्र, ठरावाची प्रत आणि कंपनीने त्याला दिलेलं नेमणूकपत्र लागतं. संमतीची तारीख सभेच्या आधीची हवी. सभेनंतरची संमती जोडलेली फाइल पाहिली की लगेच कळतं, कागद मागाहून गोळा झाले आहेत. जागा अचानक रिकामी झाल्याने नेमणूक असेल तर फॉर्म विचारतो: आधीचा ऑडिटर कोण, जागा कोणत्या तारखेला आणि कशामुळे रिकामी झाली, आणि त्याच्या फॉर्मचा एसआरएन (पोर्टलवरचा पावती क्रमांक) काय. जुन्या साहेबांनी एडीटी-३ भरलाच नसेल तर तुमचा एडीटी-१ इथे अडकतो. त्यांच्या मागे लागा म्हटलं ते यासाठी.

नव्या-जुन्या ऑडिटरमधला पत्रव्यवहार

सनदी लेखापाल कायदा १९४९ च्या पहिल्या परिशिष्टाप्रमाणे नव्या ऑडिटरने काम स्वीकारण्याआधी जुन्याला लेखी कळवावं लागतं. ते पोचल्याचा पुरावा लागतो: पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट, किंवा हातपोच देऊन सही. सोलापुरात सीए मंडळी एकमेकांना ओळखतात, लेखापाल संस्थेच्या शाखेत भेटतात, म्हणून फोनवर उरकतं. फोनचा पुरावा राहत नाही. हे कळवणं बंधनकारक आहे, पण जुन्याची परवानगी लागते असं नाही. "एनओसी देत नाहीत" म्हणून महिनोन्महिने थांबायची गरज नसते. एक गोष्ट मात्र खरोखर अडवते: जुन्याची वाद नसलेली ऑडिट फी थकलेली असेल तर नव्याने काम घेऊ नये, असा संस्थेचा नियम आहे. आजारी उद्योगाला त्यातून सूट आहे. तेव्हा शाल-श्रीफळाबरोबर चेकही द्या.

लिस्टेड कंपनी असेल तर

सोलापुरात मुख्यालय असलेल्या बालाजी अमाईन्स आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्स बीएसई-एनएसईवर नोंदलेल्या आहेत. अशा कंपन्यांना वरचं सगळं करून शिवाय सेबीचे २०१५ चे लिस्टिंग नियम पाळावे लागतात.

ऑडिटरमधला बदल नियम ३० खाली कळवायची घटना आहे, तिचं महत्त्व मोजत बसायचं नसतं. निर्णय मंडळाच्या बैठकीत झाला तर बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत; बैठक बाजाराच्या वेळेनंतर संपली तर ३ तास. राजीनामा असेल तर २४ तास, आणि ऑडिटरने दिलेली सविस्तर कारणं जशीच्या तशी, ती मिळाल्यापासून २४ तासांत. "जशीच्या तशी" हे महत्त्वाचं. कंपनीने त्याचा सारांश करून द्यायचा नाही. कळवताना बदलाचं कारण, तारीख, मुदत आणि नव्या ऑडिटरची थोडक्यात ओळख द्यावी लागते.

भागधारकांच्या सभेच्या नोटिशीत नियम ३६(५) प्रमाणे प्रस्तावित फी, अटी, निवडीचा आधार आणि फर्मची पात्रता लिहायची. जुन्या आणि नव्या फीत मोठा फरक असेल तर तो का, हेही. नव्या फर्मकडे वैध पीअर रिव्ह्यू (फर्मच्या कामाची दुसऱ्या सीएंकडून तपासणी) प्रमाणपत्र आहे का, हे आधी बघा. सोलापुरात नोंदणीकृत कार्यालय असेल तर नोटिशीची जाहिरात इथल्या मराठी दैनिकात आणि एका इंग्रजी दैनिकात देताना पानाची प्रत फाइलला लावून ठेवा.

१८ ऑक्टोबर २०१९ च्या सेबी परिपत्रकाने राजीनाम्याची वेळही बांधून टाकली. जून तिमाहीचं उदाहरण घ्या. ऑडिटरला १४ ऑगस्टपर्यंत, म्हणजे तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत जायचं असेल, तर जून तिमाहीचा अहवाल देऊन जावं लागतं. २० ऑगस्टला जायचं असेल तर जूनचा आणि सप्टेंबरचा, दोन्ही. पहिल्या तीन तिमाहींवर सही केली असेल तर चौथी आणि पूर्ण वर्ष दोन्ही करूनच सुटका. कलम १४१ खाली अपात्र ठरला तर गोष्ट वेगळी. या अटी नेमणूकपत्रातच लिहायच्या असतात; जुन्या पत्रात नसतील तर पुढच्या नेमणुकीत घाला.

त्याच परिपत्रकात राजीनाम्याचा नमुना आहे. ऑडिटरने कधीपासून काम केलं, शेवटचा अहवाल कोणता, सविस्तर कारणं, चिंता होती तर ऑडिट कमिटीकडे कधी गेला, माहिती मिळाली नसेल तर ती व्यवस्थापनाने अडवली की परिस्थितीने, असे प्रश्न त्यात येतात. शेवटी याहून दुसरं कोणतंही महत्त्वाचं कारण नाही, असं निवेदन. ऑडिट कमिटीने त्यावर विचार करून मत द्यायचं आणि ते बैठकीनंतर २४ तासांत एक्स्चेंजना द्यायचं.

हे नियम कशातून आले ते बघायला २०१८ आठवावं. एप्रिलमध्ये वक्रांगीचं ऑडिट प्राइस वॉटरहाउसने सोडलं, मेअखेरीस मनपसंद बेव्हरेजेसचं डेलॉइटने, तेही वार्षिक निकाल तोंडावर असताना. ऑगस्ट २०२३ मध्ये डेलॉइटने अदानी पोर्ट्स सोडली, तेव्हाचा खुलासा मुद्दाम वाचण्यासारखा आहे: त्यात ऑडिटरचं म्हणणं आहे आणि ती कारणं पटण्यासारखी नाहीत हे कंपनीच्या बाजूचं मतही आहे. दोन्ही समोर असल्यावर वाचणारा आपलं ठरवू शकतो.

भागधारक म्हणून वाचायचं असेल तर

बीएसईच्या साइटवर कंपनी उघडून कॉर्पोरेट अनाउन्समेंट्समध्ये जा. पत्रावरची तारीख आणि एक्स्चेंजला पोचल्याची वेळ यांत किती अंतर आहे बघा. मग बदल निकालाच्या किती जवळ झाला, मुदत किती बाकी होती, आणि नव्या फर्मची फी वाढली की घटली. कमी फीत लहान फर्म आली आणि कारण गुळमुळीत असेल, तर पुढच्या ऑडिट रिपोर्टमधला "इतर बाबी" हा परिच्छेद शोधा. आधीच्या वर्षाचे आकडे दुसऱ्याने तपासले असल्याचं, आणि त्याने त्यावर कोणतं मत दिलं होतं, ते नवा ऑडिटर तिथे लिहितो. त्या मतात आक्षेप होता आणि यंदा तो गायब असेल, तर आधी मुद्दा खरंच निस्तरला का ते टिपांमध्ये तपासा. अनलिस्टेड कंपनीसाठी मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून तिचे सार्वजनिक कागद पाहता येतात. एडीटी-३ आणि एडीटी-१ शेजारी ठेवून तारखा वाचा. ऑडिट रिपोर्टवरचा यूडीआयएन (त्या कागदाचा ओळख क्रमांक) लेखापाल संस्थेच्या पोर्टलवर मोफत पडताळता येतो.

सहकारी संस्था आणि बँका

आपल्याकडे अर्धा व्यवहार सहकारात, म्हणून एवढं. सहकारी साखर कारखाना किंवा सूतगिरणीला कंपनी कायदा लागू नाही. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० आणि शासनमान्य लेखापरीक्षकांची नामिका (यादी) चालते, एडीटी फॉर्म भरायचे नाहीत. नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेच्या २७ एप्रिल २०२१ च्या मार्गदर्शक सूचना आहेत: ऑडिटर नेमण्याआधी दरवर्षी रिझर्व्ह बँकेची मंजुरी, सलग ३ वर्षं, त्यानंतर ६ वर्षं त्याच बँकेत नाही. मुदतीआधी काढायचं असेल तरी मंजुरी लागते. सोलापुरातल्या ज्या सीए फर्म बँकही बघतात आणि कंपनीही, त्यांनी दोन्हीकडच्या मुदतीच्या तारखा वेगवेगळ्या तक्त्यात ठेवाव्यात, कारण एकीकडे हिशोब वार्षिक सभांवर चालतो आणि दुसरीकडे आर्थिक वर्षांवर.